जी-एच नावाची जोडी

होस्टेलवर प्रत्येकाच्या दोन वह्या असतात. एक सबमिशनची, ती सरांना दाखवायची. दुसरी रफ, ती कुणालाच दाखवायची नाही. आमच्या रूममधल्या रफ वहीचं शेवटचं पान मात्र आज मी तुम्हा सगळ्यांना दाखवणार आहे. घाबरू नका, त्यावर प्रेमपत्र नाही की मेसचा हिशोब नाही. आहे ती फक्त इंग्रजी शब्दांची एक यादी. अटी दोनच. शब्द बरोब्बर पाच अक्षरांचा हवा, आणि त्यात 'जी' आणि 'एच' ही दोन अक्षरं शेजारी-शेजारी हवीत.

नाइट, राइट, लाइट, साइट, फाइट, माइट, टाइट, एट. लाफ, कॉफ, रफ, टफ. डो, बाउ, वे, ऑट. घोस्ट, घूल.

अशी देवनागरीत लिहिली की या शब्दांमध्ये काही साम्य दिसतं का? नाही ना! 'वे' म्हणजे वजन करणे आणि 'घोस्ट' म्हणजे भूत, यांचा आपसात काय संबंध? पण इंग्रजी स्पेलिंग लिहून बघा. प्रत्येकात जी-एच ही जोडी बसलेली आहे. कुठे ती मुकी आहे, कुठे 'फ' म्हणून बोलते, तर कुठे 'घ' म्हणून. माणसं पण अशीच असतात म्हणा. घरी एक, वर्गात एक आणि व्हायवाला तिसरीच.

यादीची सुरुवात झाली वर्डलमुळे. आमच्या विंगमध्ये रात्री जेवण झालं की हा खेळ चालतो. पाच अक्षरी शब्द, सहा संधी. अक्षर योग्य जागी असेल तर हिरवं, शब्दात असून जागा चुकली असेल तर पिवळं. जोश वॉर्डल नावाच्या प्रोग्रामरने हा खेळ आपली जोडीदार पलक शाह हिच्यासाठी तयार केला. इंग्रजीतल्या साधारण बारा हजार पाच अक्षरी शब्दांमधून ओळखीचे अडीच हजार तिने निवडले. ऑक्टोबर २०२१ मध्ये खेळ सगळ्यांसाठी खुला झाला आणि जानेवारी २०२२ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तो विकत घेतला. आपल्या नावाची एक मुलगी त्याच्या मुळाशी आहे, म्हणून मला तो जरा जास्तच आपला वाटतो.

तर या खेळात सर्वांत वाईट सापळा कोणता, तर आय-जी-एच-टी. शेवटची चारही अक्षरं हिरवी झाली की आपण खूश होतो, पण खरं संकट तिथेच सुरू होतं. पहिल्या जागी एन, आर, एल, एस, एफ, एम, टी, ई यातलं काहीही चालतं. आठ शक्यता आणि हातात राहिलेल्या संधी तीन-चार! एकेक अक्षर लावून बघत बसलात तर मेलात. त्यावर इलाज म्हणजे एक संधी मुद्दाम 'वाया' घालवायची. 'फिल्म्स' हा शब्द टाका. त्यात एफ, एल, एम, एस अशी चार अक्षरं एकदम तपासली जातात. त्यातलं एकही लागलं नाही तर 'एंटर' टाका. तिथे पहिला ई हिरवा झाला तर एट, एन पिवळा झाला तर नाइट, आर पिवळा झाला तर राइट, आणि यातलं काहीच झालं नाही तर टाइट. क्लॉड शॅननने १९४८ मध्ये माहिती बिटमध्ये मोजायला शिकवलं. त्याच्या हिशोबाने आठ समान शक्यता म्हणजे तीन बिट. त्याच निबंधात त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, की इंग्रजीतलं साधारण निम्मं लिखाण अनावश्यक असतं, म्हणजे आधीच्या अक्षरांवरून पुढचं ओळखता येतं. आय-जी-एच झालं की पुढे टी येणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

इथपर्यंत सगळी मजा होती. ही यादी मजेची राहिली नाही ती आबामुळे.

आबा म्हणजे माझा रूम पार्टनर. मेकॅनिकलचा. तापीकाठच्या एका गावातला, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला. मी कॉन्व्हेंटचा. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत मराठी बोललं की एक रुपया दंड होता. त्यामुळे माझं इंग्रजी बरं आणि मराठी दंडाच्या भीतीने घरातच राहिलेलं. आबाचं नेमकं उलटं. थर्मोडायनॅमिक्स त्याला असं येतं की परीक्षेच्या आदल्या रात्री अर्धी विंग आमच्या रूममध्ये बसलेली असते. मराठीतून समजावतो, अधूनमधून अहिराणीतून, आणि सगळ्यांना कळतं.

त्याच्या ग्रुपचा मिनी प्रोजेक्ट होता कणीक मळण्याच्या यंत्राचा. सेमिनारला आबा उभा राहिला. पहिल्याच स्लाइडवर 'डो' हा शब्द होता. डी, ओ, यू, जी, एच. आबाने तो वाचला 'डफ'. वर्गात आधी शांतता, मग हशा. मागून कुणीतरी बाक वाजवून डफाचा ठेकाही धरला म्हणे. आबाने दुसरी स्लाइड कशीबशी संपवली आणि पुढचं पार्टनरला सांगायला लावलं. हे मला रात्री त्याच्या ग्रुपमधल्या दुसऱ्याकडून कळलं. आबा काही बोलला नाही. त्यानंतर दोन महिने तो वर्गात इंग्रजीतून एक वाक्य बोलला नाही. सरांनी विचारलं तर "सर, येत नाही." उत्तर येत असताना!

पुढच्या सेमिस्टरला कॅम्पस सुरू होईल. तिथे ग्रुप डिस्कशन असतं. "येत नाही" म्हणणाऱ्याला तिथे कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही. म्हणून हा एका शब्दाचा प्रश्न राहिला नाही. चार वर्षांची मेहनत आणि गावाकडचं कर्ज त्या पाच अक्षरांमध्ये अडकलं होतं.

आता जरा इंजिनिअरसारखा विचार करू. आबाने काय केलं? आर-ओ-यू-जी-एच म्हणजे रफ, हे त्याला माहीत होतं. टी-ओ-यू-जी-एच म्हणजे टफ, हेही माहीत होतं. पहिलं अक्षर बदललं, बाकी चार तीच. म्हणजे डी लावला तर डफ! दोन निरीक्षणं घेऊन नियम काढला आणि तिसऱ्या ठिकाणी वापरला. प्रयोगशाळेत हेच केलं तर आपण शाबासकी देतो. इथे नियम चुकला नाही, डेटा फसवा होता. हे पाच शब्द बघा, प्रत्येकी पाच अक्षरं: रफ, कॉफ, डो, बाउ, ऑट. पहिल्या चारांच्या शेवटी ओ-यू-जी-एच आहे, पाचव्याच्या सुरुवातीला. पाच शब्द आणि पाच वेगळे उच्चार. असा सेन्सर कोणी दिला असता तर आपण तो बदलून मागितला असता.

मग हे असं झालं का? मी लायब्ररीत बसून शोधलं, आणि जे सापडलं ते मला कॉन्व्हेंटच्या बारा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

फार पूर्वी, हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा जी-एच मुका नव्हता. रात्रीला ते लोक 'निख्त'सारखं काहीतरी म्हणत. उर्दू गझलेतल्या 'ख़्वाब'मध्ये घशातून घासत येतो ना, तसा तो ख़. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, फ्रेंच वळणाचे लेखनिक आले, आणि कालांतराने हा घासता आवाज जी-एच असा लिहायची पद्धत पडली. म्हणजे ज्याने लिहिलं त्याने ऐकूनच लिहिलं होतं. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. छापलेलं स्पेलिंग हळूहळू पक्कं होत गेलं. पण बोलणारी तोंडं काही पक्की होत नाहीत. पुढच्या दोनेकशे वर्षांत बहुतेक इंग्लंडने तो ख़ टाकून दिला. काही शब्दांत तो नुसता गळून पडला, जसं नाइट, डो. काही शब्दांत त्याचा 'फ' झाला, जसं रफ, टफ, लाफ. कुठे गळावा आणि कुठे 'फ' व्हावा याचा नियम कोणी केला नाही. ज्या भागातला उच्चार लंडनमध्ये रुजला तो टिकला. जर्मन माणूस मात्र आजही रात्रीला 'नाख्ट' म्हणतो आणि स्कॉटलंडमध्ये 'निख्त' अजून ऐकू येतं.

घोस्टची कथा तर आणखी मजेशीर. या शब्दात मुळात एच नव्हताच. कॅक्स्टन आधी बेल्जियममधल्या ब्रुज शहरात राहून छपाईत उतरलेला. तिकडच्या फ्लेमिश भाषेत भुताच्या स्पेलिंगमध्ये जी-एच होता. तो तिथून छापखान्यातून इंग्रजीत घुसला आणि गेली पाचशे वर्षं सगळं जग तो पाठ करतंय. भूतच ते, एकदा बसलं की उतरत नाही!

आता आपल्या रस्त्यावरचा एक किस्सा. इंग्रजी स्पेलिंगची थट्टा करायला एक जुना विनोद आहे. जी, एच, ओ, टी, आय ही पाच अक्षरं लिहायची आणि म्हणायचं, हे वाचा 'फिश'! कसं? टफमधला जी-एच म्हणजे फ, 'विमेन'मधला ओ म्हणजे इ, 'नेशन'मधला टी-आय म्हणजे श. हा विनोद १८५५ च्या एका पत्रात सापडतो, जरी बरेच लोक तो बर्नार्ड शॉ यांच्या नावावर खपवतात. जगभर हा शब्द इंग्रजीच्या वेडेपणाचा पुरावा म्हणून सांगतात. मी तो वहीत लिहून आबासमोर धरला आणि म्हटलं, वाच. आबाने एक क्षणही न घालवता वाचलं, "घोटी."

बरोबर! इगतपुरी तालुक्यातलं घोटी! शिरपूरहून मुंबईला निघालं की आपल्याच मुंबई-आग्रा महामार्गावर नाशिक सोडल्यावर लागतं ते. तिथल्या इंग्रजी पाटीवर हीच पाच अक्षरं असतात. साहेबाला जे स्पेलिंग वेडेपणाचा कळस वाटतं, ते खानदेशातला कोणताही पोरगा एसटीच्या खिडकीतून बरोबर वाचतो. कारण जी-एच म्हणजे घ. आणि हे आबाचं मनचं नाही. इंग्रजांना आपला घ लिहायचा होता तेव्हा त्यांनीच ही जोडी वापरली. घाट आणि घी हे शब्द इंग्रजी डिक्शनरीत जी-एचनेच गेले. 'घाट'चं अनेकवचन केलं की तेही पाच अक्षरी, म्हणजे आमच्या यादीत बसतं. तेव्हा कसाऱ्याचा घाट आणि इकडे सेंधव्याच्या वाटेवरचा बिजासन घाट, दोघांनाही आम्ही शेवटच्या पानावर जागा दिली आहे.

यादीतले शब्द एकेक करून शोधत गेलो तर आणखी एक दार उघडलं. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कोलकात्यात सांगितलं होतं की संस्कृत, ग्रीक, लॅटिन या एकाच मुळाच्या भाषा असाव्यात. पुढे इंग्रजी, जर्मनसुद्धा त्याच कुळात बसल्या. हे पुस्तकात वाचलं होतं, पण आमच्या यादीत ते असं समोर येईल असं वाटलं नव्हतं. इंग्रजी नाइट आणि संस्कृत नक्त एकाच मुळाचे. एट आणि अष्ट, म्हणजे आपलं आठ. राइट आणि ऋजु. 'वे' म्हणजे वजन करणे, पण त्याचा जुना अर्थ वाहून नेणे, आणि तो संस्कृत 'वह्'चा भाऊ. आपलं वाहणे आणि वाहन तिथलंच. हलका या अर्थाचा लाइट आणि लघु एकाच घरचे. लघुवरूनच आपला हळू आणि हलका आला. गंमत बघा, लघुमधला घ आजही मोठ्याने बोलतो आणि लाइटमधला जी-एच मुका झालाय.

आणि डो? ज्या शब्दाने आबाची बोलती बंद केली तो? त्याचं मूळ आहे मळणे, लिंपणे, आकार देणे. संस्कृतात त्याच मुळापासून झाला 'दिह्' आणि त्यावरून 'देह'. म्हणजे कणकेचा गोळा आणि माणसाचं शरीर, दोन्ही मुळात मळून घडवलेले. हे आबाला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे भो, शब्द आपल्या घरचाच निघाला. फक्त लहानपणी हरवला होता."

आता कोणी म्हणेल, मराठी बरी, जसं बोलतो तसं लिहितो. तर तसंही नाही हं. मला विचारा! चार म्हणजे आकडा आणि चारा म्हणजे गुरांचा, पहिलं अक्षर एकच, उच्चार दोन. जग म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जगत राहा, लिहायला अगदी सारखे. कोणत्याही पुस्तकात यावर खूण नसते, ऐकूनच शिकावं लागतं. आणि मुकी अक्षरं आपल्याकडेही होती. आजोबांच्या कपाटातली जुनी पुस्तकं काढा, त्यात 'पांच' आणि 'नांव' असं डोक्यावर टिंब देऊन छापलेलं दिसेल. कोणी उच्चारत नव्हतं, तरी सगळे लिहीत होते. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ही न बोलणारी टिंबं काढून टाकली. 'पांच'चं पाच झालं. इंग्रजांनी जी-एच ठेवला, आपण टिंब पुसलं. त्यांचं लिहिणं अवघड राहिलं पण मागचा माग शिल्लक राहिला. आपलं सोपं झालं पण पञ्चमधल्या ञ्ची खूण गेली. कोण शहाणं हे तुम्हीच ठरवा.

पण मला खरी जी गोष्ट सांगायची आहे ती पुढे आहे. आपल्या भागात शाळेला शाया म्हणतात. डोळ्याला डोया, काळ्याला काया. लिहिताना ळ लिहितात, बोलताना तो य होतो. बहिणाबाई चौधरींच्या कवितेतलं 'वढाय' म्हणजे हेच ओढाळ. १९५२ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं तेव्हा अख्खा महाराष्ट्र त्या बोलीवर खूश झाला, आणि २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. तरीही आमच्यातला कोणी नाशिकच्या पुढे जाऊन 'शाया' म्हणाला की लोक हसतात. गावंढळ म्हणतात.

मग सांगा, फरक काय? इंग्रज लिहितो एक अक्षर आणि बोलताना ते सोडून देतो. खानदेशी माणूस लिहितो एक अक्षर आणि बोलताना ते बदलतो. दोन्हीकडे घडलं एकच, लिखाण जागेवर राहिलं आणि जीभ पुढे गेली. पहिल्याला आपण 'सायलेंट लेटर' असं भारदस्त नाव देतो आणि आठवी-नववीत पाठ करतो. दुसऱ्याला हसतो. आबा तर दोन्हीकडून सापडला. इंग्रजीत जे लिहिलंय ते नियमाने वाचलं म्हणून हसले, मराठीत लिहिलंय तसं बोलत नाही म्हणून हसले. एकाच माणसाला दोन उलट कारणांसाठी हसता येत असेल, तर गडबड त्याच्या जिभेत नसावी.

उच्चार शिकूच नये असं मी म्हणत नाही. मुलाखतीत 'डो' म्हणावंच लागेल, आणि आबाला आता ते येतं. तसं पाहिलं तर त्याला बरंच काही आधीपासूनच येत होतं. तो रोज म्हणतो, "लाइट गेली", "उद्या पेपर आहे, नाइट मारू", "पेपर टफ होता", "रफ वही दे". सगळे जी-एचचे शब्द आणि सगळे उच्चार अचूक! कानाने घेतलेलं सगळं बरोबर आहे. चुकतं फक्त ते, जे कधी कानावर पडलंच नाही आणि फक्त कागदावर भेटलं. डो हा शब्द ऐकायला मिळतो तो घरात इंग्रजी असलेल्यांना. आबाच्या घरात कणीक असते. म्हणजे आपण हसतो तेव्हा अकलेला हसत नाही, कोणाच्या घरात काय बोलतात याला हसतो.

सध्या आमच्या रूममध्ये एक पद्धत पडली आहे. नवीन इंग्रजी शब्द आला की आबा मला थेट विचारतो, "हा कसा म्हणतात रे?" आणि मी मराठी लिहिताना अडलो की त्याला विचारतो. हा लेख त्यानेच तपासला आहे. माझे ऱ्हस्व-दीर्घ सुधारताना तो एकदाही हसला नाही. वर्गात तो अजून कमीच बोलतो. दोन महिन्यांची सवय एका यादीने जात नाही, हे मला कळतं.

ज्युनिअर मित्रांनो, तुमच्याकडेही असा एखादा शब्द असेल जो तुम्ही सेमिनारमध्ये टाळता. तो रूमवर मोठ्याने म्हणा, चुकला तर विचारा. तुम्ही लावलेला नियम बहुतेक वेळा बरोबरच असतो, शब्दच नियम मोडून बसलेला असतो. आणि सर, मॅडम, तुम्हालाही एक विनंती. पुढच्या सेमिनारला कोणी 'डफ' म्हणालं तर त्याला तिथेच, एका वाक्यात, 'डो' सांगा, आणि मागच्या बाकावर कोणी ठेका धरण्याआधी त्याला पुढची स्लाइड घ्यायला सांगा. यंत्र त्याने बनवलेलं असतं. ते कसं चालतं हे त्याच्याकडूनच ऐकायला हवं.

(तृतीय वर्ष, कॉम्प्युटर)